सिलिकॉन ग्राफिक्स : संगणकांची आणि त्यांच्या राखणदाराची वाटचाल

कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू शहरात नॉर्थ शोरलाइन बुलेव्हार्डवर १४०१ क्रमांकाची इमारत आहे. तिथे कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियम हे संगणकाच्या इतिहासाचे संग्रहालय २००३ पासून लोकांसाठी खुले आहे. त्याआधी ही वास्तू सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची होती. याच रस्त्याने खाडीच्या दिशेने पुढे गेले की गुगलचे मुख्यालय लागते. ते आवारही मुळात सिलिकॉन ग्राफिक्सने स्वतःसाठी उभारले होते. गुगलने ते २००३ मध्ये भाड्याने घेतले आणि २००६ मध्ये ३१.९ कोटी डॉलर मोजून विकतच घेतले. इमारतींना नवे धनी मिळाले, कंपनी मात्र संपली. तिने बनवलेले संगणक जगभरच्या हौशी लोकांच्या घरांत आणि संग्रहालयांत आजही चालू होतात. एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्रांना त्यांचा कर्ता गेल्यावरही पुन्हा उभे करता येते, याचे बरेचसे श्रेय त्यांच्या पोटात बसवलेल्या एका छोट्या नियंत्रकाला आहे.

सिलिकॉन ग्राफिक्सची वाटचाल सांगताना लोक हटकून ‘जुरासिक पार्क’मधल्या डायनासोरांवर येतात. ते योग्यच आहे, पण मला ती या नियंत्रकाच्या बाजूने सांगायची आहे, कारण कंपनी कशी विचार करत होती हे तिथे अधिक स्पष्ट दिसते.

मोठा संगणक बंद असतो तेव्हाही त्याच्या आत एक लहान संगणक जागा असतो. भिंतीच्या प्लगमध्ये वायर घातली की तो आधी उठतो. पंखे फिरतात का, व्होल्टेज ठीक आहे का, आत किती तापले आहे हे तो पाहतो, आणि सगळे ठीक असेल तरच मोठ्याला वीज देतो. पुढे मोठा संगणक कितीही अडकून पडला, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम कोलमडली, तरी हा धाकटा शुद्धीवर असतो. बाहेरून कोणी विचारले तर काय बिघडले ते सांगतो, आणि हुकूम मिळाला तर मोठ्याला झोपवून पुन्हा उठवतो. कोकणात गावाच्या शिवेवर राखणदार असतो. गाव झोपले तरी तो झोपत नाही, आणि त्याला विचारल्याशिवाय गावात काही घडत नाही. यंत्राच्या राखणदाराचे काम याच जातीचे.

ही कल्पना सिलिकॉन ग्राफिक्सची नव्हे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ मध्ये व्हॅक्स-११/७८० हा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याला जागे करण्यासाठी एलएसआय-११ नावाचा एक पूर्ण वेगळा छोटा संगणक आत बसवला होता. त्याला स्वतःची फ्लॉपी होती. मोठ्या व्हॅक्सला लागणारा मायक्रोकोड तो त्या फ्लॉपीवरून चढवायचा. पण व्हॅक्स हे अख्ख्या खोलीचे यंत्र. टेबलावरच्या वर्कस्टेशनलाही असा राखणदार हवा, असे कोणाला वाटायला अजून बराच अवकाश होता.

जिम क्लार्क हे टेक्ससमधल्या प्लेनव्ह्यूचे. नौदलातून बाहेर पडून त्यांनी शिक्षण पुरे केले, १९७४ मध्ये युटा विद्यापीठाची पीएच.डी. घेतली आणि १९७९ मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. तिथे मार्क हॅना या विद्यार्थ्याला सोबत घेऊन त्यांनी जॉमेट्री इंजिन ही चिप तयार केली. त्रिमिती आकृती पडद्यावर फिरवायची तर प्रत्येक बिंदूचे गणित पुन्हा पुन्हा करावे लागते. बिंदू फिरवायचा, चौकटीबाहेर जाणारा भाग कापायचा, उरलेला पडद्याच्या मापात बसवायचा. हे काम मुख्य प्रोसेसरकडून काढून घेऊन त्यासाठीच घडवलेल्या चिपवर टाकायचे, ही क्लार्क यांची कल्पना. त्यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या रचनेत एकसारख्या १२ चिप एका रांगेत होत्या. पहिल्या चार बिंदू फिरवत, मधल्या सहा कापाकापी करत आणि शेवटच्या दोन माप बसवत. एकाच घडणीच्या चिपला जागेनुसार वेगळे काम देण्यातली काटकसर मला आजही थक्क करते.

नोव्हेंबर १९८१ मध्ये कंपनी स्थापन झाली. क्लार्क यांच्याबरोबर हॅना होते, कर्ट एकली, टॉम डेव्हिस, रॉकी ऱ्होड्स, मार्क ग्रॉसमन अशी स्टॅनफर्डच्या आसपासची तरुण मंडळी होती. पहिली आयरिस यंत्रे म्हणजे व्हॅक्ससारख्या मोठ्या संगणकाला जोडायची चित्रटर्मिनले होती. थोड्याच काळात ती स्वतंत्र वर्कस्टेशन झाली. त्यांत मोटोरोलाच्या ६८००० मालिकेतला प्रोसेसर होता. त्याच विद्यापीठात अँडी बेक्टोलशाइम यांनी आखलेल्या एका बोर्डाभोवती सन मायक्रोसिस्टिम्स ही दुसरी कंपनी फेब्रुवारी १९८२ मध्ये उभी राहिली. पुढची वीस वर्षे या दोन भावंडांची स्पर्धा चालली.

१९८४ मध्ये एड मॅक्रॅकन प्रमुख झाले आणि १९८६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. दशकाच्या उत्तरार्धात मोटोरोला सोडून तिने मिप्स प्रोसेसर स्वीकारले आणि १९९२ मध्ये मिप्स कंपनीच ताब्यात घेतली. १९९१ चा इंडिगो, १९९३ चा इंडी ही टेबलावर मावणारी यंत्रे याच बहरातली. इंडीसोबत कॅमेरा मिळत असे, आणि सर्वांत स्वस्त इंडी ४,९९५ डॉलरला होता. १९९२ मध्ये कंपनीने आपली आयरिस जीएल ही चित्रप्रणाली मोकळी करून ओपनजीएल म्हणून सर्वांसाठी मांडली. १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’ आला. त्याचे डायनासोर इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने याच यंत्रांवर घडवले होते, आणि चित्रपटातली मुलगी ज्या संगणकापुढे बसून दारे बंद करते तोही सिलिकॉन ग्राफिक्सचाच क्रिमझन.

त्याच १९९३ साली चॅलेंज आणि ओनिक्स ही कपाटाएवढी यंत्रे आली, आणि त्यांच्याबरोबर राखणदाराला चेहरा मिळाला. चॅलेंजमध्ये ३६ पर्यंत प्रोसेसर बसत. एवढे प्रोसेसर, एवढे पंखे, एवढी वीज म्हटल्यावर नुसते बटण पुरेसे नव्हते. यंत्राच्या दर्शनी बाजूला किल्लीचे कुलूप आणि छोटा एलसीडी पडदा आला. यंत्र चालू असताना त्या पडद्यावर प्रत्येक प्रोसेसरवर किती काम आहे याचे उभे पट्टे वरखाली होत. काही अडले तर तिथेच ओळ उमटे. देखभाल करणाऱ्या माणसाला मुख्य पडद्यापाशी न जाता यंत्राची तब्येत कळू लागली.

१९९६ चा ओरिजिन २००० हे पुढचे मोठे पाऊल. त्याची बीजे पुन्हा स्टॅनफर्डचीच. डॅश या संशोधनप्रकल्पात असलेले डॅनियल लेनोस्की आणि जेम्स लॉडन यांनी ओरिजिनची रचना मांडली. स्मृती सगळ्या यंत्रभर विखुरलेली, तरी प्रत्येक प्रोसेसरला ती एकसंध दिसते, अशी ही मांडणी. एका मॉड्यूलमध्ये आठ प्रोसेसर, आणि मॉड्यूल जोडत जावे तसा संगणक वाढत जातो. मग राखणदारही तसाच वाढायला हवा. प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा नियंत्रक दिला, आणि कपाटातल्या सगळ्या मॉड्यूलांवर देखरेख ठेवायला वरचा एक नियंत्रक. राखणदारांमध्ये थोरला-धाकटा ही उतरंड सिलिकॉन ग्राफिक्समध्ये इथून सुरू झाली.

त्याच वर्षी कंपनीने क्रे रिसर्च ही महासंगणकांची नामांकित कंपनी सुमारे ७४ कोटी डॉलरला घेतली. क्रेकडे स्पार्क प्रोसेसरवर चालणाऱ्या मोठ्या सर्व्हरचे कामही होते. ते सिलिकॉन ग्राफिक्सला नको होते, म्हणून तिने ते सनला विकून टाकले. सनने त्यातून एंटरप्राइझ १०००० हा सर्व्हर काढला आणि तो अमाप चालला. त्या सर्व्हरची देखरेख करायला तर अख्खे वेगळे सन वर्कस्टेशनच शेजारी ठेवलेले असे. ती विक्री सिलिकॉन ग्राफिक्सला फार महागात पडली, असे माझे मत आहे. जिम क्लार्क १९९४ मध्येच बाहेर पडले होते आणि मार्क अँड्रीसन यांच्याबरोबर त्यांनी नेटस्केप उभी केली होती. १९९७ च्या आर्थिक वर्षात सिलिकॉन ग्राफिक्सची विक्री ३६६ कोटी डॉलरवर पोहोचली. तो तिचा माथा.

उतार कसा लागला ते थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांनी सांगितले आहे. पीसीत घालायची चित्रकार्डे भराभर सुधारली. ती सुधारणाऱ्यांत सिलिकॉन ग्राफिक्समधून बाहेर पडलेलेच बरेच होते. थ्रीडीएफएक्सचे संस्थापक तिथलेच. कंपनीने स्वतःच्या मिप्स प्रोसेसरचा पुढचा विकास आखडता घेऊन इंटेलच्या आयटेनियमची वाट पाहायचे ठरवले, आणि आयटेनियम वर्षानुवर्षे लांबला. रिक बेलुझो १९९८ मध्ये प्रमुख म्हणून आले, विंडोज एनटीवर चालणारी वर्कस्टेशने काढली आणि १९९९ मध्ये निघून गेले. २००० मध्ये क्रेचा व्यवसाय टेरा कंपनीला विकला.

आणि तरीही, धंदा खचत असताना अभियंत्यांनी आपले सर्वांत विचारी काम केले. जुलै २००० मध्ये ओरिजिन ३००० आला. त्याची रचना न्यूमाफ्लेक्स या नावाने ओळखली जाते. संगणक एका पेटीत न ठेवता त्याचे अवयव सुटे केले, आणि प्रत्येक अवयवाला ब्रिक म्हटले. प्रोसेसर आणि स्मृती असलेला सी-ब्रिक, त्यांना आपसात जोडणारा आर-ब्रिक, पीसीआय कार्डांचा पी-ब्रिक, डिस्कचा डी-ब्रिक, ओनिक्ससाठी चित्रकामाचा जी-ब्रिक. हवे तेवढे घ्या, रॅकमध्ये सरकवा, जाड केबलने जोडा. एका सी-ब्रिकमध्ये चार प्रोसेसर, म्हणजे ५१२ प्रोसेसरचे यंत्र उभे करायचे तर नुसते सी-ब्रिकच १२८.

हे १२८ ब्रिक एका सुरात उठले पाहिजेत. एखाद्याचा पंखा थांबला तर सगळ्या यंत्राला कळले पाहिजे, आणि नेमका कोणत्या रॅकमधला कितवा ब्रिक हेही कळले पाहिजे. म्हणून प्रत्येक ब्रिकमध्ये एक राखणदार बसवला, त्याचे नाव एल-१. रॅकमध्ये त्यांच्यावर देखरेख करणारा एल-२ हा स्वतंत्र छोटा संगणक. तो सी-ब्रिकमधल्या एल-१ शी यूएसबीने बोलतो, त्याला स्वतःचे नेटवर्क आहे, आणि दुरून फोनवरून मदत घ्यायची तर मॉडेम जोडायची जागाही आहे. त्याच्याही वर हवा असेल तर एल-३, म्हणजे लिनक्स चालवणारा साधा पीसी. एल-२ ला सर्वांना उठवण्याचा एक हुकूम दिला की तो खालच्या प्रत्येक एल-१ कडे पोहोचतो. ब्रिकची ओळख रॅकचा क्रमांक, ब्रिकची जात आणि जागा अशी तीन भागांची. त्यामुळे एल-१ काही सांगू लागला की ओळीच्या आरंभीच कोण बोलतो आहे ते वाचता येते. तापमानाच्या इशाऱ्यांच्याही पायऱ्या ठरवलेल्या. आधी सूचना, मग गंभीर इशारा, मग वीज तोडणे. मधल्या वेळात बाकीचे पंखे वेग वाढवून सांभाळायचा प्रयत्न करतात.

या रचनेचे सर्वांत मोठे रूप आपल्याशी जोडले गेले ते कल्पना चावला यांच्या नावाने. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना तुटले आणि त्यांच्यासह सात अंतराळवीर गेले. कर्नालच्या या मुलीने १९८८ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रातून कामाला सुरुवात केली होती, आणि तिचा विषय होता विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचे संगणकी गणित. एम्स केंद्र माउंटन व्ह्यूच्या शेजारीच, मॉफेट फील्डवर आहे. तिथे सिलिकॉन ग्राफिक्सने न्यूमाफ्लेक्सच्याच घडणीचा, पण आयटेनियम-२ चे ५१२ प्रोसेसर असलेला ऑल्टिक्स संगणक उभा केला. २००४ मध्ये त्याला ‘कल्पना’ हे नाव देण्यात आले. एवढ्या प्रोसेसरांवर एकच लिनक्स चालवणारा तो त्या जातीचा पहिला संगणक होता. त्याच वर्षी अशी २० यंत्रे जोडून १०,२४० प्रोसेसरांचा ‘कोलंबिया’ महासंगणक तयार झाला, तोही १२० दिवसांच्या आत. नोव्हेंबर २००४ च्या जागतिक यादीत तो दुसरा आला. ‘कल्पना’ त्यातलेच एक यंत्र झाली. मिप्सऐवजी आयटेनियम आला, आयरिक्स या कंपनीच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिमऐवजी लिनक्स आले, पण ब्रिकमधला एल-१ आणि रॅकमधला एल-२ तेच राहिले. एवढी कपाटे इतक्या थोड्या दिवसांत उभी करायची तर प्रत्येक ब्रिक आपली ओळख आणि आपले दुखणे स्वतः सांगणारा असावा लागतो, आणि हे ब्रिक तसे होते.

मोठ्यांसाठी घडवलेला हा राखणदार मग टेबलावरही आला. जानेवारी २००२ च्या लाल रंगाच्या फ्यूएलमध्ये एकच प्रोसेसर होता, २००३ च्या टेझ्रोमध्ये चारपर्यंत. दोघांतही एल-१ आहे. एकट्या माणसाने वापरायच्या वर्कस्टेशनला महासंगणकाचा राखणदार देणारी दुसरी कंपनी मला ठाऊक नाही. त्याचा खर्च कंपनीला परवडला की नाही हा निराळा प्रश्न, पण ही यंत्रे आज हाताळणाऱ्याला त्याचा फार फायदा होतो.

८ मे २००६ रोजी कंपनीने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. ऑगस्टमध्ये आयरिक्सची ६.५.३० ही शेवटची आवृत्ती आली आणि २९ डिसेंबर २००६ रोजी मिप्स यंत्रांचे उत्पादन थांबले. १ एप्रिल २००९ रोजी पुन्हा दिवाळखोरी, आणि त्यानंतर रॅकेबल सिस्टिम्सने सगळा व्यवसाय घेतला. तिने सिलिकॉन ग्राफिक्सचेच नाव लावले. २०१६ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझने ती कंपनी २७.५ कोटी डॉलरला घेतली, आणि २०१९ मध्ये क्रे हे नाव चालवणारी कंपनीही घेतली. कधीकाळी एका छपराखाली नांदलेली दोन नावे अशी पुन्हा एकाच मालकाकडे आली.

आज अशी यंत्रे हाती घेणाऱ्याला काय करावे लागते ते सविस्तर सांगतो, कारण कंपनीचा खरा वारसा तिथेच कळतो. फ्यूएल किंवा ओरिजिन ३०० हा छोटा सर्व्हर मिळाला की पडदा जोडायची घाई करू नये. आधी मागच्या सिरियल पोर्टला नल-मॉडेम केबल लावावी आणि दुसऱ्या टोकाला टर्मिनलचा प्रोग्राम चालवणारा कोणताही संगणक. वेग ३८४०० ठेवावा, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. इंडीसारख्या जुन्या यंत्रांची सवय असलेले ९६०० वर बसतात आणि पडद्यावर नुसती जाळी उमटते. मग प्लग लावावा, पण यंत्र सुरू करू नये. क्षणात एल-१ ची ओळ येते. कंट्रोल आणि टी दाबले की आपण एल-१ शी बोलतो, कंट्रोल आणि डी दाबले की मुख्य संगणकाच्या कन्सोलवर परत.

पहिला प्रश्न विचारायचा तो आवृत्तीचा, दुसरा क्रमांकांचा आणि तिसरा लॉगचा. लॉग सर्वांत बोलका. यंत्र शेवटी कशामुळे बंद पडले, कोणता पंखा मंदावला होता, कोणते व्होल्टेज खाली गेले होते, हे त्यात असू शकते. मग यंत्राला वीज द्यायचा हुकूम द्यावा, आणि ते उठत असताना पर्यावरणाची माहिती मागवावी. एकेक व्होल्टेज, एकेक पंख्याचे फेरे, एकेक जागेचे तापमान ओळीने येते. जुन्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर थकलेले असतात, आणि एखादे व्होल्टेज मर्यादेच्या जरा खाली गेले की एल-१ वीज तोडतो. ही देखरेख बंद करून यंत्र चालवण्याचा मोह होतो. तो आवरावा. राखणदाराचे तोंड बांधून चालवलेले यंत्र काही दिवस चालते आणि मग जे जळते ते परत मिळत नाही. पॉवर सप्लाय आधी दुरुस्त करावा.

अनेक ब्रिकचे यंत्र असेल तर काम वाढते. प्रत्येक ब्रिकला त्याचा रॅक आणि जागा सांगावी लागते, सर्व एल-१ चे फर्मवेअर एका आवृत्तीचे असावे लागते. मूळ एल-२ ची पेटी बहुतेकदा भंगारात गेलेली असते. त्यावर उपाय कंपनीनेच ठेवला होता. एल-२ चे काम लिनक्स पीसीवर करणारे सॉफ्टवेअर तिने दिले होते, आणि ब्रिकच्या यूएसबी पोर्टला पीसी जोडून तेच आज वापरता येते. खरी अडचण क्रमांकांची. प्रत्येक ब्रिक आपण कोणत्या यंत्रणेचा हे लक्षात ठेवतो. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले ब्रिक जोडले की क्रमांक जुळत नाहीत, आणि ते बदलण्याची मुभा कंपनीने आपल्याकडे राखून ठेवली होती. कंपनी होती तोवर हे सुरक्षेचे होते. आता विचारायला कोणी नाही, म्हणून क्रमांक जुळणारे ब्रिक वेगळे करू नयेत, हे पथ्य पाळावे.

ज्या यंत्रांत एल-१ नाही त्यांचे दुखणे वेगळे आहे. इंडीत घड्याळाची डॅलस चिप असते आणि तिच्या पोटातच बॅटरी बंद केलेली असते. तिचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे, आणि ते केव्हाच उलटून गेले. ती मेली की यंत्र आपला ०८:००:६९ ने सुरू होणारा नेटवर्कचा पत्ताही विसरते. सनच्या वर्कस्टेशनचेही असेच, चिप संपली की यंत्राला स्वतःची ओळख आठवत नाही. उपाय एकच. पत्ता यंत्रावरच्या चिठ्ठीवरून आधी उतरवून ठेवायचा, चिप बदलायची किंवा कोरून तिला बाहेरून सीआर २०३२ बॅटरी जोडायची, आणि पत्ता हाताने पुन्हा भरायचा. चिठ्ठी पुसलेली असेल तर मात्र ती ओळख कायमची गेली.

हे सगळे करता येते ते कागदपत्रे टिकली म्हणून. सिलिकॉन ग्राफिक्सची माहितीपुस्तके उत्तम लिहिलेली होती. ‘एसजीआय एल-१ अँड एल-२ कंट्रोलर सॉफ्टवेअर युजर्स गाइड’ हे पुस्तक उघडले तर प्रत्येक हुकूम, त्याचे रूप, त्याचे उत्तर नीट दिलेले दिसते. कंपनीचे पुस्तकभांडार पुढे बंद झाले. बिटसेव्हर्ससारख्या प्रकल्पांनी आणि इंटरनेट अर्काइव्हने पुष्कळ पुस्तके वाचवली. ही माणसे पैशासाठी हे करत नाहीत, आणि त्यांचे ऋण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मोकळेपणाने मानले पाहिजे. दुसरा वारसा सगळ्यांच्या नकळत चालू आहे. कंपनीने आयरिक्ससाठी घडवलेली एक्सएफएस फाइलप्रणाली तिनेच लिनक्सला देऊन टाकली, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सातव्या आवृत्तीपासून तीच मुळात बसवलेली येते. कितीतरी कार्यालयांचा डेटा आज तिच्यावर आहे.

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या, संशोधनसंस्थांच्या आणि जुन्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओंच्या कोठ्यांत सिलिकॉन ग्राफिक्स, सन, ह्युलेट पॅकार्ड यांची वर्कस्टेशने धूळ खात पडलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. ई-कचऱ्याच्या यादीत त्यांचे नाव घालण्याआधी एवढे करा. मागच्या चिठ्ठीचा स्पष्ट फोटो काढा. एल-१ असेल तर सिरियल केबल लावून क्रमांक, आवृत्ती आणि लॉग एका फाइलमध्ये उतरवून घ्या. एका यंत्राचे ब्रिक, किल्ल्या, सीडी आणि पुस्तके एकत्र बांधून ठेवा. आणि मग भंगारवाल्याला फोन करण्याआधी एखाद्या संग्रहालयाला किंवा ही यंत्रे जपणाऱ्या माणसाला विचारा.